मळे आलं की

भाडेकरार झाला त्या दिवशी अण्णांनी मला दोन पंख्यांखाली बसवलं होतं. करारात 'दोन पंखे, चालू स्थितीत' असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली घरमालक म्हणून त्यांना सही करायची होती. एकेका पंख्याखाली पंधरा-पंधरा मिनिटं. खाली माझ्या सामानाचा टेम्पो उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि हा सत्तरी उलटलेला माणूस हातात घड्याळ घेऊन छताकडे बघत उभा. बाराव्या मिनिटाला दुसरा पंखा जरा कुरकुरला. अण्णांनी शिडी आणली, तेल घातलं आणि पंधरा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली. मी मनात म्हटलं, इथे आपलं सहा महिन्यांच्या वर जमणार नाही. राहिले चार वर्षं.

घर सर्जापूर रोडच्या आतल्या बाजूला होतं. वरचा मजला माझा, खाली अण्णा आणि त्यांची बायको. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. मी या कन्नड मुलखात नोकरीसाठी आलेली, माझं ऑफिस बेळ्ळंदूरला. नकाशावर पाहिलं तर चालत जावं इतकं जवळ, आणि गाडीने निघालं तर पुण्याहून साताऱ्याला पोचावं इतक्या वेळाचं.

अण्णांनी सगळी नोकरी एका सरकारी कारखान्यात केली, तपासणी खात्यात. कारखान्यात तयार झालेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावर यायचा आणि त्यांचा शिक्का बसल्याशिवाय पुढे जायचा नाही. कन्नडात 'इल्ला' म्हणजे नाही. हा शब्द ते इतका वापरायचे की कामगारांनी त्यांचं नावच इल्लासाहेब ठेवलं होतं. त्याचा त्यांना राग नव्हता, उलट सांगताना जरा छाती पुढे यायची. ते म्हणत, "सही हातानं करतात असं लोकांना वाटते. सही मानेनं करायची असते. चुकली तर कापायला ती पुढे असली पाहिजे की."

निवृत्तीनंतर हा सगळा धाक घरावर आला. गॅसच्या सिलिंडरला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत हे पाहिल्यावर पावतीवर सही. पार्सल आणणाऱ्याला उन्हात उभं करून आधी खोकं उघडायचे. हयातीच्या दाखल्यावर सही करण्याआधी ते स्वतःची नाडी बघतात, असं अक्का म्हणायची आणि तोंडाला पदर लावून हसायची. भाचीच्या नोंदणी लग्नात साक्षीदार म्हणून बोलावलं तर तिथेही यांचा हात आखडला. नवऱ्या मुलाला आपण जेमतेम दोन तास ओळखतो, दोन तासांत बेअरिंगसुद्धा कळत नाही, असं म्हणाले. शेवटी त्या बिचाऱ्याला एका तळ्याभोवती तीन फेऱ्या मारायला नेलं आणि परत आल्यावर सही केली. त्या फेऱ्यांत काय विचारलं ते त्या मुलाने बायकोलाही सांगितलं नाही म्हणे.

अण्णांचं घराणं इथे साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजांबरोबर आलेलं. घरात मराठीच, पण अशी की मला सुरुवातीला निम्मी कळायची. त्यात स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे ठीक, बेगा म्हणजे लवकर असे शब्द, आणि लिंग-वचनाचा हिशेब आपल्याहून वेगळा. एकदा माझी गाडी फाटकाच्या चढावर धापा टाकत चढताना अण्णा बघत होते. सोळा वर्षांची गाडी ती, एसी लावला की उड्डाणपुलावर रिक्षाही पुढे जायच्या. अण्णा जवळ येऊन म्हणाले, "इंजिनला थंड गाळी पाहिजे." मी खो-खो हसले. "अण्णा, इंजिनात गाळ घालायचा?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "गाळी म्हणजे वारं. हवा." मग म्हणाले, "आम्ही निघून आलो तेव्हा जी होती ती मराठी आम्ही ठेवली. मिळालं तसं इथलं त्यात घातलं. तिकडं तुमची बदलली, ते आम्हाला कुणी कळवलं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर माझ्याशी बोलताना ते शब्द चाचपून काढायचे, "गाळी... हवा, हवा" असं स्वतःला दुरुस्त करायचे. ते बघवायचं नाही. आम्हा पुणेकरांना दुसऱ्याची भाषा सुधारण्याची खोड असते. ती मी त्या दिवशी सोडली आणि तिच्या जागी दुसरी लावून घेतली. एखादा शब्द कळला नाही तरी विचारायचं नाही, नुसती मान हलवायची. ही सभ्यता आहे असं मला वाटत होतं.

थंड हवेचं मात्र त्यांनी मनावर घेतलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. इंजिनाला जळायला हवा लागते, आणि माझ्या गाडीचं इंजिन ती बॉनेटच्या आतली, स्वतःच तापवलेली हवा ओढत होतं. थंड हवा दाट असते, म्हणून बाहेरची हवा नळीने आत आणायची. तयार नळ्या बाजारात मिळतात, पण त्या कुणी तपासल्या हे अण्णांना ठाऊक नव्हतं. तेव्हा घरीच करायची ठरली. मला कुणी विचारलं नाही.

आम्ही मेट्रोने चिकपेटला गेलो. साड्यांच्या दुकानांमधून वाट काढत अण्णा पोलादी पट्टी हातात धरून पुढे, मी मागे. हार्डवेअरच्या दुकानातून प्लंबिंगचा प्लास्टिकचा पाइप घेतला. घरी आणून त्याचा तुकडा अक्काच्या पातेल्यात उकळला, तो मऊ पडला. "इल्ला." पुन्हा चिकपेट. या खेपेला भंगारवाल्याकडून ॲल्युमिनियमची नळी, रबराचे दोन वाकडे जोड आणि ते आवळायच्या पट्ट्या. इंजिनाची धग नव्या फिल्टरला लागू नये म्हणून मध्ये पत्र्याची भिंत हवी होती, त्यात अक्काची कणीक मळायची परात गेली. नळी खाली उतरवून बंपरमधल्या धुक्याच्या दिव्याच्या जागी तिचं तोंड काढलं. समोरून येणारं वारं सरळ तिथे लागायचं. पालापाचोळा आत जाऊ नये म्हणून त्यावर चहाच्या गाळण्याची जाळी बसवली. सहा रविवार गेले. चाचणीच्या दिवशी भार म्हणून अक्काला आणि दोन पोती तांदळाला मागच्या सीटवर बसवलं आणि एकाच चढावर आठ फेऱ्या मारल्या, चार जुन्या पद्धतीने, चार नव्या. वहीत अण्णांनी लिहिलं, 'फरक आहे. थोडा.' आणि 'थोडा'खाली रेघ मारली.

खालच्या तोंडासाठी त्यांनी एक बूचही केलं होतं. अक्काच्या मोहरीच्या डबीचं झाकण आणि त्याच्या आत रबराची कडी. ते बसवलं की खालची वाट बंद व्हायची आणि इंजिन नळीला वर ठेवलेल्या फटीतून हवा घ्यायचं. ते माझ्या हातात देऊन अण्णांनी सूचना सांगितल्या. फिल्टर महिन्याने झटकायचा. पट्ट्या पंधरा दिवसांनी आवळायच्या. आणि "मळे आलं की खालच्या तोंडाला बूच."

मी मान हलवली. अण्णांना ते पुरलं नाही. त्यांनी तिन्ही सूचना माझ्याकडून वदवून घेतल्या, शाळेत घेतात तशा. मी म्हटलं, "मळे आलं की खालच्या तोंडाला बूच." "सरी," म्हणाले, आणि परातीच्या पत्र्यावर आतल्या बाजूने खिळ्याने आपली सही कोरली.

मळे म्हणजे काय असतात हे कुणाला विचारायची गरज मला वाटलीच नाही. सर्जापूरच्या पुढे कोबीचे, झेंडूचे मळे आहेत. तिथे धूळ उडते, धूळ नळीत जाऊ नये म्हणून बूच. 'मळे आले की' असं हवं होतं, पण अण्णांच्या वचनांचा हिशेब कोण करतो? एका रविवारी मी मुद्दाम तिकडे फिरायला गेले. पहिला कोबीचा मळा दिसल्याबरोबर गाडी कडेला घेतली, उतरले आणि बूच बसवलं. शेतातली बाई माझ्याकडे बघत राहिली. मी तिला हात केला.

सप्टेंबर संपता संपता एका संध्याकाळी ऑफिसातून निघाले तेव्हा पाऊस लागला होता. बेळ्ळंदूरजवळ रिंग रोडचा सर्व्हिस रोड पाण्याखाली होता, अर्धं चाक बुडेल इतकं पाणी. पुढच्या गाड्या जात होत्या, मीही घातली. बूच डॅशबोर्डच्या खणात होतं आणि ते माझ्या मनातही आलं नाही. गाडीने दोन आचके दिले, आतून ठाण्णकन आवाज आला आणि ती थांबली. मी पुन्हा किल्ली फिरवली, तसा आणखी वाईट आवाज आला. मग सगळं गप्प झालं आणि मागचे हॉर्न वाजवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आणि मी गॅरेजमध्ये गेलो. गॅरेजवाल्याने इंजिनाचे प्लग काढून ते फिरवलं तर भोकांतून पाणी उडालं. आतला दांडा वाकला होता. पाणी दबत नाही, लोखंड वाकतं. तो मला हिंदीत म्हणाला, "मॅडम, ये पाइप किसने लगाया? इंजिन को पानी पीने का स्ट्रॉ दिया आपने."

"नानु," अण्णा म्हणाले. म्हणजे 'मी'.

गॅरेजवाला वरमला. वयस्कर माणूस, त्याला कसं बोलायचं? तो समजुतीच्या सुरात कन्नडात म्हणाला, "निन्ने मळे तुंबा जोरु इत्तु, सार्." काल, खूप आणि जोरात हे मला कळलं. भाजीवाल्याशी बोलण्याइतकं कन्नड मी शिकले होते, ऑफिसात तर हिंदी-इंग्रजीच. मधला शब्द तेवढा राहिला. मी दाराशी वाकून खणातून गाडीचे कागद काढत होते, कागदांखाली ते बूच होतं, आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मळे म्हणजे पाऊस.

बॉनेटकडून अण्णांनी विचारलं, "बूच लावलं होतं की नाही?"

मी म्हटलं, "लावलं होतं." आणि बूच पर्समध्ये टाकलं.

का म्हटलं? गॅरेजवाला बघत होता म्हणून, चाळिशीची शिकलेली बाई इतकी मूर्ख ठरेल म्हणून, कोबीच्या मळ्याशी उतरून हात केला ते आठवलं म्हणून. कारणं पुष्कळ सापडतात. खोटं मात्र एकच होतं. अण्णांनी खाली वाकून नळीच्या तोंडाच्या काठावरून बोट फिरवलं, बोटाचा चिखल बघितला आणि म्हणाले, "म्हणजे बूच निघून गेलं."

गाडी दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता, ती मी तिथेच विकून टाकली. अण्णांनी फक्त नळी सोडवून घरी आणली. कारखान्यात एक रीत होती. एखादा भाग नापास झाला की ज्याचा त्याच्यावर शिक्का असेल त्याने आपला शिक्का साहेबाकडे जमा करायचा, आणि कारण सापडेपर्यंत कशावरही सही करायची नाही. नोकरीच्या सगळ्या वर्षांत अण्णांवर ती वेळ आली नव्हती. आता साहेब कुणी नव्हता, तेव्हा त्यांनी आपलं पेन अक्काकडे जमा केलं.

जिऱ्याच्या डबीचं झाकण काढून त्यांनी तसंच दुसरं बूच केलं. अंगणात मोठी बादली, तिच्यात नळी, नळीला बूच. बादली हलवायची, बागेच्या पाइपने जोराचं पाणी मारायचं, काठीने ठोकायचं. रोज सकाळी दोन तास. चिखल कालवून, पाणी गरम करून, रबर जुनं लावून. बूच काही निघत नव्हतं. मी ऑफिसला जाताना त्यांच्या बाजूने जायची तेव्हा ते मान वर न करता म्हणायचे, "आजही नाही निघालं." मी म्हणायची, "निघेल हो अण्णा." हे वाक्य मी म्हटलं आहे, एकदा नव्हे, पुष्कळदा.

असे पाच आठवडे गेले. नोव्हेंबर लागला आणि एका रविवारी अक्का जिना चढून वर आली, गुडघे दुखत असूनही. म्हणाली, "हयातीचा कागद टेबलावर तसाच पडलाय गं. मी पेन पुढं केलं तर म्हणतात, तपास चालू आहे. पेन्शन थांबली तर थांबो म्हणतात. मी जिवंत आहे एवढं लिहायला यांना कसला तपास पाहिजे? जेवणाकडं लक्ष नाही, झोप नाही. तू सांग बघू. तुझं ऐकतील."

माझं ऐकतील! मी तिला पाणी दिलं, ती खाली गेली, आणि मग मला तिथे बसवेना. कपाटातून बूच काढलं. अंगणात अण्णा बादलीशी उकिडवे बसले होते, बनियन भिजलेलं, हाताची कातडी पाण्याने पांढरी पडलेली. मी बूच त्यांच्यासमोर फरशीवर ठेवलं.

"मी लावलंच नव्हतं," मी म्हटलं. "मला वाटलं मळे म्हणजे शेतातले मळे. कोबीचे. पाऊस आला तेव्हा ते माझ्या गाडीत, खणात होतं. गॅरेजमध्ये मी खोटं बोलले."

अण्णांनी ते उचललं. आधी रबराची कडी दाबून बघितली, मग नळीवर बसवून बघितलं. नीट बसलं.

"शेताला मळा म्हणतात तुमच्यात?"

"भाजीच्या शेताला म्हणतात."

"आम्ही तोट म्हणतो," ते म्हणाले. "मळा आमच्यात नाहीच." त्यांनी बूच पुन्हा काढून हातात घेतलं. मग म्हणाले, "तोंडाच्या काठाला सगळीकडे सारखा चिखल होता. बूच असतं तर रबराखालची तेवढी कडा स्वच्छ राहिली असती. मला तेव्हाच दिसलं ते."

मी विचारलं, "मग हे पाच आठवडे काय तपासत होता?"

"बूच सुरुवातीला निघून गेलं असतं, तर चिखल मागून लागला असता. तसं झालं असेल की." त्यांनी नळी पाण्यातून काढून उलटी धरली, पाणी वाहून जाऊ दिलं. "तुम्ही खोटं बोलला असं लिहायच्या आधी, दुसरं काही असू शकते का ते सगळं बघायला नको? मी अजून बघत होतो. आणखी दोन प्रकार राहिले होते."

मी रडले. तिथे अंगणात, उभ्याने. अण्णांनी रडू दिलं, समजूत वगैरे काढली नाही. मग अक्काला हाक मारून पेन मागितलं, वही आणली आणि पायरीवर बसून, एरवी इंग्रजीत लिहायचे ते मुद्दाम मराठीत लिहिलं. दोन-तीन शब्दांचं शुद्धलेखन मला विचारलं. ते पान त्यांनी मला दाखवलं ते असं होतं: 'कारण. सूचनेतला शब्द वापरणाऱ्याला कळला नाही. सूचना देणाऱ्याने शब्द वदवून घेतला, अर्थ विचारला नाही. दोष सूचना देणाऱ्याचा.' खाली सही.

"अण्णा, माझं खोटं यात लिहिलं नाही तुम्ही."

"ते इंजिन बंद पडायचं कारण नव्हे," ते म्हणाले. आणि आत जाऊन त्यांनी हयातीच्या दाखल्यावर सही केली.

मी आणखी दोन वर्षं त्या घरात होते. अण्णांनी तो विषय पुन्हा काढला नाही, अक्कालाही सांगितलं नसावं, कारण ती मला पूर्वीसारखीच डब्यातून काही ना काही वर पाठवायची. नवी गाडी घेतली तेव्हा अण्णांनी तिचं हवेचं तोंड कुठे आहे ते बॉनेट उघडून पाहिलं आणि सरी म्हणाले. बाकी सगळं तसंच होतं. पाण्याच्या टाकीची मोटर दिवसाआड मी बंद करायची आणि जिन्यातून ओरडून सांगायची, "अण्णा, मोटर बंद केली!" पूर्वी खालून ते म्हणायचे, "सरी," आणि वर्तमानपत्रात डोकं घालायचे. त्या रविवारनंतरही ते सरी म्हणत. मग वर्तमानपत्राची घडी घालून, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठत, आणि मोटर बघून येत.